गच्चीवरची बिनविस्तवाची पेटी

टेम्पो आमच्या बिल्डिंगखाली थांबला आणि त्यातून एक पेटी उतरली, ती मी गॅलरीतून बघत होतो. बॅगेसारखी, पण जाड आणि चौकोनी. दोन माणसांनी धरलेली. मला वाटलं, कुणाचा तरी टीव्ही दुरुस्त होऊन आला. मग पेटीमागून माझी बायको चालत येताना दिसली आणि पेटी आमच्याच जिन्याकडे वळली. बरोबर एक चष्मेवाल्या बाई होत्या. मी उठलो आणि आतून कडी लावली. घरी कुणी काही आणून द्यायला आलं की माझा हात आधी कडीकडे जातो.

"कडी का लावलीत?" बायकोने बाहेरून विचारलं.

"कोण आहे ते बघत होतो."

"मीच आहे. लग्न झाल्यापासून मीच आहे. उघडा."

उघडलं. पेटी आत आली आणि हॉलमध्ये मधोमध बसली. त्या बाई पलीकडच्या सेक्टरमधल्या महिला मंडळाच्या. पूर्वी शिक्षिका असाव्यात, कारण बोलताना बोट वर करायच्या. त्यांनी वरचं झाकण उघडलं. झाकणाला आतून आरसा. त्याखाली दुहेरी काच, काचेखाली काळा रंग दिलेला पत्रा, आणि त्यात चार गोल काळे डबे, झाकणांसकट.

"ही सूर्यचूल," बाई म्हणाल्या. "सकाळी डाळ-तांदूळ पाणी घालून ठेवायचे, पेटी गच्चीवर उन्हात न्यायची. दुपारी जेवण तयार. रॉकेल नको, धूर नको."

"आणि याचं काय घेता?"

"महिनाभर वापरून बघा. जमलं तर पुढचं बोलू. नाही जमलं तर पेटी दुसऱ्या घरी जाईल. मंडळाकडे दोनच आहेत आणि मागणाऱ्या बायका पुष्कळ."

"म्हणजे महिना फुकट?"

"ऊन फुकटच असतं की, काका."

मला ही उडवाउडवी वाटली. मी चौथी शिकलेला माणूस, पण उभा जन्म ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात बॉयलरवर काढला. विस्तव म्हणजे काय ते मला कुणी शिकवायचं नाही. किती कोळसा टाकला की किती वाफ चढते, कुठल्या रंगाची ज्वाळा भुकेली आणि कुठली धाप लागलेली, हे मी लांबून सांगायचो. आणि ही बाई मला सांगते, विस्तव नाही, धूर नाही, आणि वरण शिजणार. माझ्या मनात आलं, यात काहीतरी गोम आहे. पेटी देतील, सही घेतील, आणि मग काय ते कळेल. सही मात्र त्यांनी मागितली नाही. त्यामुळे माझा संशय वाढला.

पण पेटी घरात आली ती बायकोच्या खोकल्यामुळे, आणि तिथे माझं तोंड बंद होतं.

त्या काळी आमच्याकडे गॅस नव्हता. नंबर लावून ठेवला होता, तो काही येत नव्हता. स्वयंपाक वातीच्या स्टोव्हवर, खिडकी एकच आणि तीही शेजारच्या भिंतीकडे तोंड केलेली. रेशनचं रॉकेल कधी कसं, कधी कसं. वात काजळली की स्वयंपाकघरात निळसर थर उभा राहायचा आणि बायको पदर तोंडाला लावून चपात्या लाटायची. आधी सकाळी खोकायची. मग दिवसभर. मग झोपली की छातीतून शीळ वाजायची. दवाखान्यातल्या डॉक्टरने गोळ्या दिल्या आणि म्हणाला, गोळ्या कितीही घ्या, तो धूर थांबवा आधी. थांबवा म्हणजे काय करा? उपाशी राहा? असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, ते तुम्ही बघा.

ते बायकोने बघितलं होतं. पेटीने काम केलं तर दुपारचं वरण, भात, भाजी उन्हावर व्हायची, राहता राहिल्या चपात्या. नाही केलं तर महिन्यानंतर पेटी जाणार आणि ती पुन्हा त्या निळ्या थरात उभी राहणार. एवढा सरळ मामला होता.

बाई गेल्यावर मी एका डब्याला आतून-बाहेरून नख लावून बघितलं. रंग निघत नव्हता.

"हा काळा रंग पोटात गेला तर?" मी म्हणालो.

"रंग बाहेरून आहे. अन्न आत असतं."

"उष्णतेने उतरला तर?"

"पण तुमच्या मते तर उष्णता होणारच नाही ना." तिने डबा माझ्या हातातून काढून घेतला. "मीच आधी खाते. मेले तर तुम्ही खाऊ नका."

आमच्या चारमजली बिल्डिंगच्या गच्चीची किल्ली सेक्रेटरीकडे असायची. हा सेक्रेटरी बेलापुरातच एका सरकारी ऑफिसात होता आणि ऑफिस जवळ म्हणून रोज दुपारी जेवायला घरी यायचा. माणूस गोड बोलणारा. गोड बोलणाऱ्या माणसाची मी दोन पावलं लांबून चौकशी करतो. किल्ली मागायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "काका, टेरेस कॉमन आहे. आज तुम्ही पेटी ठेवाल, उद्या कोण कोंबड्या ठेवेल. आणि तो आरसा. समोरच्या बिल्डिंगमध्ये चमक गेली की कंप्लेंट माझ्याकडे येणार."

"महिनाभराचा प्रश्न आहे."

"ओके, महिना. पण किल्ली दुपारी परत आणून द्यायची. टेन्शन नको मला."

तर रोजचा क्रम असा बसला. सकाळी बायको डबे भरायची. डाळ आदल्या रात्रीच भिजवलेली. डाळ-तांदळाचं धुवण ती पूर्वीपासून कुंड्यांना घालते, तसंच आताही. भांडी नारळाच्या शेंडीने घासते, घरात येणारा प्रत्येक कागद घडी घालून ठेवते. हल्ली पेपरात पर्यावरण म्हणून जे रंगीत छापून येतं, ते सगळं ही बाई गरिबीत करत आली आणि तिला कुणी काही म्हटलं नाही. असो. डबे भरले की मी पेटी गच्चीवर न्यायचो, आरसा उन्हाकडे तोंड करून टेकवायचो आणि टाकीच्या सावलीत बसून राहायचो. ऊन सरकलं की पेटीही सरकवायची. डोकं तापायला लागलं की गच्चीला कुलूप लावून किल्ली सेक्रेटरीच्या बायकोकडे द्यायचो आणि खाली येऊन आंघोळ करायचो. उन्हं कलायच्या आधी बायको किल्ली घेऊन वर जायची आणि डबे आणायची.

पहिल्या दिवशी भात कच्चा निघाला. मधोमध टिचभर तांदूळ बोटाखाली खडखडत होता. डाळ फुगली होती, शिजली नव्हती.

माझा चेहरा बोलला असावा, कारण बायको म्हणाली, "पाणी कमी पडलं असेल."

दुसऱ्या दिवशी पाणी वाढवलं. तांदूळ पाण्यात पोहत होता, शिजला नव्हता. मग डाळ जुनी असेल म्हणून वाण्याकडून नवी आणली. मग डबे अर्धेच भरले. रोज दुपारी तेच. अर्धवट झालेलं सगळं ती स्टोव्हवर चढवायची आणि वात पेटवून पुन्हा खोकायची. आधी एकदा खोकायची, आता पेटीची वाट बघून दमायची आणि मग खोकायची.

"त्या बाईला सांग, घेऊन जा तुमचं खेळणं," मी म्हणालो.

"महिना व्हायचाय अजून."

"महिन्याने काय तांदळाला दया येणार आहे?"

ती म्हणाली, "दुसरी पेटी ज्यांच्याकडे दिलीय, त्यांच्याकडे होतंय सगळं. मी जाऊन बघून आले. त्यांची डाळ मेणासारखी होते."

उठलो, पेटी पालथी केली आणि कडेच्या पट्टीचे स्क्रू काढले. बायको म्हणाली, मंडळाची वस्तू आहे. मी म्हणालो, मंडळाचीच बघतोय. पट्टी सुटली आणि आत पिवळसर कापसासारखं काहीतरी दिसलं. हात लावला आणि बोटं चुरचुरली. ते मी डोळे मिटून ओळखलं असतं. ग्लासवूल. कारखान्यात वाफेच्या पाइपांना आम्ही हेच गुंडाळायचो, म्हणजे आतली उष्णता आतच राहते. सगळ्या भिंतींतून ठासून भरलेलं होतं, तळालाही. काच दुहेरी, कडेने रबर घट्ट. मी पट्टी परत बसवली, स्क्रू आवळले आणि तिथेच जमिनीवर बसून विचार केला.

पेटी खोटी नव्हती. ज्याने बनवली त्याला उष्णता कळत होती. मग ही पेटी गच्चीवर उन्हात बसून अन्न शिजवत का नाही? कारण एकच. कुणीतरी तिला शिजवू देत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डबे मी स्वतः आणायला गेलो, आणि काच नीट बघितली. काचेवर पाण्याचे डाग होते. थेंब वाळून पांढुरकं वर्तुळ उरतं तसे, आणि एका कडेला ओघळ. उन्हाळ्याचे दिवस, आभाळात ढगाचा पत्ता नाही, टाकी लांब, आणि काचेवर पाणी. मी डागावर बोट फिरवलं. ताजे होते.

गच्चीला कुलूप. किल्ली सेक्रेटरीच्या घरी. दुपारी घरी कोण असतं? सेक्रेटरी.

मी जिना उतरून सरळ त्याच्या दारात गेलो. तो जेवून हात पुसत होता.

"दुपारी वर कोण जातं?" मी विचारलं.

"वर म्हणजे?"

"गच्चीवर. आमच्या पेटीवर पाणी टाकायला."

त्याने बायकोकडे बघितलं, मग माझ्याकडे. "काका, मला लंच टाइम अर्धा तास असतो. त्यात मी जेवू की तुमच्या डाळीला आंघोळ घालू?"

"तुम्हाला ती पेटी नको होती."

"नको होती. अजूनही नकोय. पण मला नको असेल तर मी सोसायटीत लेटर काढेन ना. असा बालदी घेऊन वर जाईन का?"

"तेच मी बघणार आहे," मी म्हणालो आणि निघालो. पाठीमागे त्याच्या बायकोचं हसणं ऐकू आलं. हसण्यावरून माझी खात्री झाली की दोघं मिळून करतात.

घरी आल्यावर हे सगळं बायकोला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. "माणसाला जेवायला अर्धा तास मिळतो आणि त्यात तो तुमच्यामागे लागेल होय?"

"मग डाग कसले?"

"कावळा असेल."

"कावळा पाणी ओततो?"

ती खोकली. बराच वेळ खोकली. तांदळाचं ताट बाजूला ठेवून भिंतीला टेकून बसली. आणि मग म्हणाली, "येत्या रविवारी त्या बाई येणार आहेत. तोवर एकदा तरी होऊ दे. मला पेटी परत द्यायची नाही." असं ती कधी काही मागत नाही. लुगडं मागितलं नाही, दागिना मागितला नाही. मी पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी पेटी लावली, पण खाली गेलो नाही. बायकोच्या हाती कुलूप-किल्ली दिली आणि तिला सांगितलं, बाहेरून कुलूप लाव, किल्ली रोजच्यासारखी देऊन टाक. ती म्हणाली, "तुम्हाला आत कोंडून?" मी म्हणालो, हो. तिने कपाळाला हात लावला, पण लावलं कुलूप.

मी पाण्याच्या टाकीमागे बसलो. गच्ची तापली होती, चपलेतून चटका येत होता. पारसिकच्या डोंगरावरचं गवत वाळून तांबूस झालं होतं. खाली शाळेची रिक्षा येऊन गेली, मग सगळं शांत. मी मनात सेक्रेटरीला काय काय बोलायचं ते जुळवत होतो. कुलपाचा आवाज झाला तेव्हा मी टाकीला चिकटून बसलो.

दारातून आली ती चौथ्या मजल्यावरची म्हातारी.

ही मराठवाड्यातल्या एका खेड्यातली, मुलाकडे राहायला आलेली. मुलगा-सून दोघंही नोकरीला. जिन्यात भेटली तर ती भिंतीला लागून उभी राहायची आणि मी जाईपर्यंत हलायची नाही. आमचं बोलणं कधी झालं नव्हतं. तिच्या हातात धुण्याची बादली होती. तिने दोरीवर कपडे टाकले, पिळे झटकले, मग बादलीच्या तळातून एक पांढरं फडकं काढलं, ते अर्धवट पिळलं आणि आमच्या पेटीपाशी गेली. वाकली. आतल्या डब्यांकडे बघून काहीतरी पुटपुटली. आणि ते ओलं फडकं काचेवर पसरलं, चारी बाजूंनी नीट खोचलं. काचेवरून वाफेचा हलका आवाज आला.

मी टाकीमागून बाहेर आलो. "काय करताय?"

ती दचकली आणि बादलीला धरून उभी राहिली. "अगं बाई. दादा, तुमी हाव व्हय. जीव गेला की माझा."

"ते फडकं का टाकलंत?"

"वल्लं हाय," ती म्हणाली, जणू तेवढं पुरे होतं. मग माझा चेहरा बघून पुढे म्हणाली, "कुणीतर अन्न उनात इसरून जातंय रोज. आसल्या उनात आंबून जाईल न्हवं. मी टाकते म्हनून तर टिकतंय. जाताना माझं फडकं नेते परत."

"रोज टाकता?"

"रोज. किल्ली मागून आनते शेक्रेटरीच्या बायकूकडनं, कपडे वाळाय घालाय. तुमचंच हाय का हे? मंग घरात जागा न्हाई का ठिवायला? बायकूला सांगा की."

माझ्या तोंडात सेक्रेटरीसाठी जुळवलेलं सगळं होतं. ते या म्हातारीवर टाकण्यासारखं नव्हतं. तरी माझा संशय लगेच गेला नाही. मी म्हणालो, "तुम्हाला कुणी सांगितलं हे करायला?"

"सांगायला कशाला लागतंय? अन्न हाय."

मी फडकं काढलं आणि तिच्या हातात दिलं. "हे इथे शिजायला ठेवलंय. उन्हावर."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसली, दात नव्हते तिला. "मला येडी समजता व्हय, दादा?"

"हात लावा काचेला."

तिने बोट टेकवलं आणि झटकन मागे घेतलं. हसणं थांबलं. पेटीभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून बघितलं, जाळ कुठे लपवलाय ते शोधत असावी. आरशात तिला स्वतःचं तोंड दिसलं, तशी बाजूला झाली.

"आमच्याकडं ऊन कमी हाय का?" ती म्हणाली. आवाज बदलला होता. "आमच्याकडं तर ऊनच ऊन. झाडाचं पान न्हाई, सावली न्हाई. सरपनाला मी कुठं कुठं गेले दादा, तुमाला काय सांगू. पोटुशी असताना मोळी आनली. काटे पायात, मोळी डोक्यावर, वर हेच ऊन. उनात शिजत असतं तर मी कशाला हिंडले असते जलमभर?"

मी म्हणालो, "बसा मावशी. बघूनच जा."

आम्ही टाकीच्या सावलीत बसलो, मी एका टोकाला, ती दुसऱ्या टोकाला. मध्ये मी उठून पेटी सरकवली, आरसा ओढून घेतला. ती प्रत्येक वेळी माझ्या हातांकडे बघायची, की मी गुपचूप काही करतो का. बरोबरच होतं तिचं, मीही तेच केलं असतं. कपडे वाळले तरी ती उठली नाही. उन्हं थोडी खाली आली तेव्हा बायको वर आली आणि दारातच थांबली. मला आणि म्हातारीला बघून तिला वाटलं, भांडण झालंय.

"उघड," मी म्हणालो.

बायकोने पदराने काच उचलली. वाफ बाहेर आली, तिने तोंड मागे घेतलं. डब्याचं झाकण काढलं. भात फुललेला, शीत शीत सुटं. म्हातारी पुढे झाली. कुणाला न विचारता एक शीत उचललं, दोन बोटांत दाबलं, चुरलं, बघितलं. दुसरं उचललं. दुसऱ्या डब्यातल्या डाळीत बोट बुडवलं.

"शिजलंय," ती म्हणाली. मग खाली बसली, कठड्याला टेकून. "आन कुनी सांगितलं न्हाई."

बायकोने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी फडक्याची गोष्ट सांगितली. बायको हसली नाही. एका डब्याच्या झाकणात वरण-भात घालून तिने म्हातारीपुढे ठेवला. दोघी तिथेच बसल्या. मी खाली आलो. त्या दिवशी दुपारी आमच्या घरात स्टोव्ह पेटला नाही.

सेक्रेटरी जिन्यात भेटला. "काय काका, पकडला चोर?"

"चोर नव्हता," मी म्हणालो.

"म्हणजे मी सुटलो का?"

"तेवढ्यापुरते," मी म्हणालो. तो मोठ्याने हसला. त्याने लेटर काढलं नाही, हे मी मान्य करतो. पण किल्लीची दुसरी प्रत मागितली तेव्हा त्याने ती लगेच दिली, ती का दिली ते मला आजही नीट कळलेलं नाही.

रविवारी मंडळाच्या बाई आल्या. बायकोने त्यांना घरी झालेलं वरण वाढलं. बाईंनी बोट वर करून विचारलं, आधी का होत नव्हतं? बायकोने सांगितलं, "आरसा नीट लागत नव्हता." म्हातारीचं नाव तिने काढलं नाही. मीही नाही. म्हातारी मात्र स्वतःच खाली आली आणि दारात उभी राहून बाईंना म्हणाली, "एक मला बी पायजे. गावाकडं न्यायची हाय." बाई म्हणाल्या, बघू, यादी मोठी आहे. ही बघू म्हणायची पद्धत मला ओळखीची होती, त्यामुळे मी बाईंना जिन्यापर्यंत सोडायला गेलो आणि दोनदा आठवण करून दिली. बाई म्हणाल्या, काका, तुम्ही फार मागे लागता. मी म्हणालो, हो.

पेटी आमच्याकडे राहिली. उन्हाळा संपेपर्यंत दुपारचं जेवण गच्चीवरच व्हायचं. बायकोचा खोकला एकदम गेला असं नाही, पण छातीतली शीळ कमी झाली. मी झोपताना कान देऊन ऐकायचो.

पण जून लागला आणि आभाळ दिवसच्या दिवस उघडेना. पेटी कॉटखाली गेली, स्टोव्ह बाहेर आला. पहिल्याच दिवशी बायको पदर तोंडाला लावून उभी राहिली आणि खोकली. तो खोकला ऐकला आणि मी स्टोव्ह उचलला, मागच्या गॅलरीत नेऊन ठेवला.

"काय करताय?"

"विस्तव माझं काम आहे. तू पुढच्या खोलीत बस. खिडकी उघडी ठेव."

"तुम्हाला भात येतो?"

"बॉयलर येत होता."

गॅलरीत वारा यायचा आणि ज्योत आडवी व्हायची. मी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून तीन बाजूंनी आडोसा केला. वाती कापल्या, सारख्या केल्या, तेव्हा ज्योत निळी झाली आणि काजळी निम्म्यावर आली. हे मी आधी का केलं नाही ते बायकोने विचारलं नाही. तिने विचारलं ते, "पाणी किती घातलंत?", आणि येऊन झाकण उघडून बघितलं. मी तिला परत पाठवलं. थोड्या वेळाने ती पुन्हा आली, मीठ बघायला. माझ्या हातच्या अन्नावर तिचा विश्वास नव्हता आणि मला त्याचा राग आला होता.

मग बराच वेळ ती आली नाही. खोकल्याचाही आवाज नाही. पुढच्या खोलीतून काहीच आवाज येईना. मला ते बरं वाटेना. काही झालं तर नाही? मी स्टोव्ह तसाच सोडून बघायला गेलो.

ती खिडकीपाशी बसली होती. चौथ्या मजल्यावरची म्हातारी समोर, मध्ये मेथीची जुडी. दोघी पानं खुडत होत्या आणि एकमेकींकडे वाकून काहीतरी बोलत हसत होत्या. मी दारात दिसलो तशा गप्प झाल्या. माझ्याच बद्दल बोलत असणार. बायकोचा श्वास सरळ चालला होता, मी थोडा वेळ तिथे उभं राहून बघितला.

"काय झालं?" ती म्हणाली.

"काही नाही," मी म्हणालो आणि परत गॅलरीत गेलो. तोवर भात तळाला लागला होता. वरचा पांढरा भात मी त्यांना वाढला. खालची करपलेली खरवड मी गॅलरीतच उभ्याने खाऊन टाकली.